दातवाल्या माशांचा शेजार

गेल्या वर्षी गुड फ्रायडेच्या सकाळी मायवोरच्या अंगणात एक चंदेरी गाडी शिरली. मायवोरने केसांवरून हात फिरवला, विकायला मांडलेल्या वाडग्यांपैकी पुढचे दोन उन्हाकडे सरकवले आणि चेहऱ्यावर तिचं ते खास हसू आणलं, 'आलात तर या, नाही आलात तरी माझं काही अडत नाही' असं सांगणारं. गाडी पुढे आली, मागे गेली, पुन्हा पुढे आली, नार्सिससच्या वाफ्याची कड तिने चिरडली आणि तोंड फिरवून ती फाटकाकडे निघाली. आतल्या गृहस्थाने मात्र काच खाली करून सभ्यपणे विचारलं, "माफ करा हं, ते दातवाले मासे काढणारे चित्रकार इथेच कुठेतरी राहतात ना?"

"गल्लीच्या टोकाला," मायवोर म्हणाली. "रांग दिसेल. रांगेत उभं राहायला आवडत असेल तर जा."

त्या दिवशी तिच्या अंगणात गाड्यांची नुसती जत्रा होती, आणि सगळ्या वळायला आलेल्या. गल्ली पुढे समुद्रापाशी संपते, त्या चित्रकाराच्या, म्हणजे एवाल्डच्या, दारात गाडी वळवायला वीतभर जागा नाही, आणि मायवोरचं अंगण ऐसपैस. संध्याकाळी तिने फाटकाशी दोन मोठे दगड आणून ठेवले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी ते अदबीने उचलून बाजूला ठेवले, वर आभाराची चिठ्ठीही ठेवली. स्वीडनमध्ये माणूस तुमच्या काळजावरून गाडी नेईल, पण आभार मानल्याशिवाय नेणार नाही.

आता मायवोरच्या पोटात का दुखत होतं हे कळायला थोडं मागे जायला हवं.

स्टेनहामन हे मासेमारीचं गाव. हेरिंग मासा होता तोवर गावाला दुसरं काही सुचत नव्हतं. हेरिंग गेला आणि गावाला काहीच सुचेना. धक्क्यावरचं मासे खारवायचं लांबलचक लाकडी मीठघर बंद पडलं. तिथे काम करणारी मायवोर घरी बसली आणि गोठ्यात चाक टाकून मातीचे वाडगे करू लागली. गावाने आधी हसून घेतलं. वाडग्यांना हसण्यासारखं काही नव्हतं, पण रिकाम्या गावाला काहीतरी हवंच असतं.

मग एका गुड फ्रायडेला माल्म्यो शहरातली एक बाई मोठ्या अडचणीत सापडली. ईस्टरच्या सुट्टीत शहरातली माणसं समुद्र बघायला गाड्या काढून निघतात, आणि गुड फ्रायडेला इकडे झाडून सगळं बंद. या बाईने वाटेत कॉफी भरपूर प्यायली होती. तिने मायवोरचं दार ठोठावलं, मायवोरने संडास दाखवला, आणि संडासाची वाट गोठ्यातून जात असल्यामुळे बाई परत येताना वाडग्यांपाशी थबकली. जाताना ती सहा वाडगे घेऊन गेली. पुढे इथल्या कलावंतांचा समूह झाला, त्याच्या पत्रकात आता 'एका वसंतात तीन मित्रांना स्वप्न पडलं' असं छापतात. छापू देत. पडलं असेलही.

पुढच्या वर्षी मायवोरने रस्त्यावरून दिसावी म्हणून फाटकाच्या खांबावर एनॅमलची निळी बादली उलटी टांगली. गल्लीच्या तोंडाशी राहणारी इंगालिल सतरंज्या विणायची. तिने बघून बघून तिसऱ्या दिवशी स्वतःची बादली टांगली. बादली हिरवी होती, मायवोरने सांगून तिला निळा रंग द्यायला लावला. मग रूने लोहाराने टांगली. मग पलीकडच्या वाडीतल्या दोन चित्रकार बहिणींनी. बघता बघता ईस्टरच्या आठवड्यात अख्ख्या किनाऱ्यावर निळ्या बादल्या उलट्या लटकू लागल्या. बादली दिसली की आत जायचं, हात लावायचा, विचारायचं, कॉफी प्यायची. समूहाचं नावच 'निळी बादली' पडलं. ओस पडलेलं मीठघर त्यांनी गावाकडून वापरायला मागून घेतलं, खारट फळ्या घासल्या, आणि तिथे दर ईस्टरला सगळ्यांचं मिळून प्रदर्शन भरू लागलं. प्रत्येकाने आपली एकच वस्तू ठेवायची, म्हणजे लोकांनी तिथे बघावं आणि मग ज्याचं आवडलं त्याच्या घरी जावं.

त्या प्रदर्शनाचा एक नियम मायवोरनेच घातलेला. स्वतःचं काम स्वतः टांगायचं नाही. एकदा उत्तरेच्या खिडकीसाठी त्या दोन सख्ख्या बहिणी इतक्या भांडल्या की एकीच्या चित्रातून दुसरीचं डोकं आरपार निघालं. तेव्हापासून चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव निघेल त्याचं काम आपण लावायचं, आणि लावलेल्या जागेबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही. धोरणी बाई. समूह या नियमावर तरला, असं सगळेच म्हणायचे. मायवोर त्यावर "छे, माझं काय त्यात" म्हणायची आणि आणखी कोणी म्हणतंय का ते बघायची.

एवाल्ड हा दातांचा डॉक्टर. बायको गेली, दवाखाना बंद केला, गल्लीच्या टोकाचं घर घेतलं आणि वेळ जाईना म्हणून रंग आणले. त्याला काढता येत होती एकच गोष्ट. जन्मभर त्याने माणसांचे जबडे बघितलेले, त्यामुळे त्याने हेरिंग काढले आणि त्यांना माणसांचे दात बसवले. मासळीच्या जुन्या खोक्यांच्या फळ्यांवर हसणारे, कवळी लावलेले, एक दात किडलेले मासे. समूहात घ्यायचं की नाही यावर सभा झाली तेव्हा अर्ध्या लोकांनी नाकं मुरडली होती. त्याची बाजू कोणी घेतली असेल? मायवोरने.

"घ्या रे बिचाऱ्याला," ती म्हणाली होती. "एकटा जीव आहे. कोपऱ्यात कुठेतरी टांगू. कोणाला काय त्रास?"

त्याच सभेत एवाल्डने ताटलीतला केकचा शेवटचा तुकडा उचलून खाल्ला. इथे शेवटचा तुकडा कोणी खात नाही. अर्धा कापतात, मग उरलेल्याचा अर्धा, मग त्याचा अर्धा, आणि पारदर्शक झालेला तुकडा रात्री यजमानीण फेकून देते. एवाल्ड मात्र सरळ खाऊन मोकळा झाला आणि बोटं चाटून "छान होता" म्हणाला. तेव्हाच ओळखायला हवं होतं, असं मायवोर पुढे जो भेटेल त्याला सांगायची.

कारण ते मासे चालले. नुसते चालले नाहीत, पळाले. माल्म्योहून माणसं येत, माशांसमोर उभी राहून हसत, आपापले दात चाचपत आणि फळी काखोटीला मारून जात. मायवोरच्या वाडग्यांसमोर आजवर कोणी हसलं नव्हतं. वाडगा बघून माणूस गप्प होतो, बोट फिरवतो, उलटा करून खाली बघतो. इतकी वर्षं तिला तेच बरोबर वाटत आलं होतं. आता ते गप्प राहणं तिला खुपायला लागलं.

"लोकांना अक्कल नाही," ती इंगालिलला म्हणाली.

"तुझ्याकडे येत होते तेव्हा होती," इंगालिल म्हणाली. मैत्रीण जुनी असली की तिच्याकडे दया उरत नाही.

"हेरिंगला दात असतात का गं? मी हजारो हेरिंग साफ केलेत."

"तुझ्या वाडग्यावर ती निळी फुलं आहेत, ती कुठे उगवतात?"

मायवोरने कॉफीचा कप जरा जोरातच ठेवला.

यंदाच्या हिवाळ्यात समूहाने मीठघराच्या टोकाची पडकी खोली दुरुस्त केली. पूर्वी तिथे मीठघराचा कारकून बसायचा. छप्पर घातलं, समुद्राकडे मोठी खिडकी काढली, भिंती पांढऱ्या केल्या. प्रत्येक शनिवारी सगळे हातोड्या घेऊन हजर, आणि मध्यंतराला दालचिनीचे बन. ठरलं असं की ही खोली दर उन्हाळ्यात एकाच कलावंताला द्यायची. अख्खा उन्हाळा त्याचंच काम, दारावर त्याचं नाव. कोणाला द्यायची हे ईस्टरनंतरच्या सभेत ठरणार होतं.

मायवोरला ती खोली हवी होती. हवी होती म्हणजे अशी, की भिंतींना रंग देताना तिने कोणत्या भिंतीला किती उंचीवर फळी लागेल ते मनात मापून ठेवलं होतं. मोठे रांजण खिडकीत, वाडगे खालच्या अंगाला. सत्तरी उलटली होती, चाकावर बसलं की अंगठा दुखायचा. इतक्या वर्षांत बादली सगळ्यांची झाली, नियम सगळ्यांचा झाला, संडाससुद्धा सगळ्यांचा झाला. एका दारावर एक उन्हाळाभर फक्त 'मायवोर' असं लिहिलेलं तिला बघायचं होतं. पण हे बोलायचं कसं? इकडे स्वतःसाठी मागणं म्हणजे जेवणाच्या पंगतीत कपडे काढण्यासारखं. दुसऱ्याने सुचवायचं, आपण 'नको नको' म्हणायचं, त्यांनी आग्रह करायचा, आपण पुन्हा 'छे' म्हणायचं, आणि मग नाइलाज झाल्यासारखं घ्यायचं. मायवोरला ही रीत पाठ होती. तिला भीती होती ती त्या रांगेची. एवाल्डच्या दारातली रांग सभेतल्या सगळ्यांनी बघितली होती.

आणि यंदा चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तिच्या हातात नाव आलं एवाल्डचं.

मायवोर म्हणाली, "बरं." ती मासा घेऊन मीठघरात सावकाश फिरली. उत्तरेच्या खिडकीपाशी थांबली, मान हलवली, पुढे गेली. मधल्या खांबापाशी थांबली, पुढे गेली. बघणाऱ्याला वाटावं, काय बारकाईने जागा शोधतेय. शेवटी तिने तो मासा नेऊन टांगला मागच्या अंधाऱ्या बोळकांडीत, कॉफीच्या टेबलाच्या वर, किटलीच्या वाफेत, संडासाच्या दाराला लागून. वर पिवळा दिवा. इतका लबाड मासा, सगळे दात दाखवून हसणारा, आणि टांगला कुठे तर जिथे लोक कपबशा ठेवतात.

इंगालिलच्या चिठ्ठीत मायवोर निघाली होती. तिने मैत्रिणीचा मोठा वाडगा उत्तरेच्या खिडकीत एकटा ठेवला, मीठघरातल्या सगळ्यात सुंदर उजेडात. मायवोर विरघळली. इंगालिलला मागचं सगळं बोलणं माफ करून तिने घरी जाऊन ईस्टरची अंडी रंगवली.

ईस्टर कडाक्याचा थंड निघाला. उत्तरेच्या खिडकीच्या फटीतून समुद्राचा वारा सुरीसारखा येत होता. माणसं वाडग्यापर्यंत येत, "किती सुंदर," म्हणत, कॉलर वर करत आणि ऊब शोधत मागे सरकत. ऊब कुठे? किटलीपाशी. स्वीडिश माणूस कॉफीला किती वेळ उभा राहू शकतो याचा मायवोरने विचारच केला नव्हता, आणि ती तर जन्मभर स्वीडिश. बोळकांडीत ही गर्दी. एकीकडे कॉफीची रांग, एकीकडे संडासाची रांग, आणि दोन्ही रांगांच्या डोक्यावर एकच मासा, दात विचकून. दुसरं बघायला काही नाही. लोक एकमेकांना दाखवू लागले. अनोळखी माणसं एकमेकांशी बोलू लागली, जे इकडे सहसा बोट बुडाल्याशिवाय होत नाही. कॉफी संपली की कप तिथेच ठेवून सगळे विचारत, "याचं घर कुठे?"

आणि मायवोरच्या अंगणात पुन्हा गाड्या वळायला लागल्या.

ईस्टर सरल्यावरच्या रविवारी दुपारी सभा भरली. बदामाच्या हिरव्या आवरणाचा मोठा केक आला. अध्यक्षपद आळीपाळीने फिरतं. यंदा रूने लोहार होता, स्वतःची छोटी हातोडी घेऊन. आधी सगळ्यांनी ईस्टर कसा गेला ते सांगितलं, आणि मायवोरच्या दुर्दैवाने पहिलाच विषय निघाला तिने टांगलेल्या माशाचा.

"जागा काय शोधलीस गं," इंगालिल म्हणाली. "आम्ही सगळे उजेडाच्या मागे, आणि तू माणसांच्या मागे गेलीस."

"अनुभव आहे," रूने म्हणाला.

एवाल्ड उठून मायवोरजवळ आला आणि त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. "मला वाटलं होतं, मला कोपऱ्यात टाकशील," तो म्हणाला. "आभारी आहे."

मायवोरने केकचा घास घेतला.

मग खोलीचा विषय आला. रूनेने चष्मा वर केला. "तर उन्हाळ्याची खोली. कोणाला द्यायची?"

बाहेर समुद्रपक्षी ओरडत होते. सगळे टेबलक्लॉथकडे बघत होते. मग इंगालिल म्हणाली, "मायवोरला. आणि कोणाला? तिच्या अंगणात सुरुवात झाली."

"बरोबर," दोन्ही बहिणी म्हणाल्या. त्यांचं बहुधा पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

मायवोरचं काळीज बेडकासारखं उडालं. पण रीत ती रीत. ती मान खाली घालून म्हणाली, "छे गं, मला कशाला. मी काय, म्हातारी." इथे थांबली असती तर बाई जिंकली होती. आग्रहाला सगळे तोंड उघडून तयार होते. पण जळणारं माणूस नेमकं तिथे थांबत नाही. ती पुढे म्हणाली, "एवाल्डला द्या की. गर्दी तर त्याच्याकडेच जाते."

तिने हे मिरचीसारखं फेकलं होतं. लोकांनी साखर समजून झेललं.

"मोठं मन आहे," रूने म्हणाला.

"खरंच देताय?" एवाल्ड म्हणाला. "मग घेतो. मला आवडेल." नको नाही, छे नाही. केकचा शेवटचा तुकडा खाणारा माणूस, दुसरं काय करणार?

"सभेला हे मान्य आहे का?" रूनेने विचारलं.

"हो," सगळे म्हणाले. आणि इतक्या वर्षांच्या सभांच्या सवयीने, मनाला विचारायच्या आधी तोंडानेच उत्तर दिलं, मायवोरही म्हणाली, "हो."

हातोडी टेबलावर पडली.

पुढचे विषय झाले. गाड्या कुठे लावायच्या, कपबशा कोणी विसळायच्या, संडासातला कागद शुक्रवारीच कसा संपला. मायवोर बघत होती, पण तिला काही ऐकू येत नव्हतं. तिने स्वतःच सुचवलं, स्वतःच होकार दिला, आता तक्रार कोणाकडे? इंगालिलने हळूच विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" मायवोर म्हणाली, "केक जड आहे."

शेवटी रूने म्हणाला, "आणखी कोणाला काही?" हा प्रश्न नुसता विचारायचा असतो. त्यावर लोक खुर्च्या सरकवतात आणि कोट शोधतात.

मायवोरने हात वर केला.

"मला ती खोली हवी होती," ती म्हणाली.

खुर्च्या जागच्या जागी थांबल्या.

"मी नको म्हटलं, पण मला हवी होती. इंगालिल, तू अजून एकदा म्हटलं असतंस तर मी घेतली असती. मी फळ्यांची मापंसुद्धा घेतलीयत. आणि एवाल्डचा मासा मी तिथे टांगला तो कोणाला दिसू नये म्हणून. वाफेने त्याचा रंग सुटला तर बरं, असंही मनात आलं होतं."

असं काही त्या मीठघरात आजवर कोणी बोललं नव्हतं. मासे खारवायच्या दिवसांतही नाही. रूनेने हातोडी उलटीसुलटी करून बघितली, जणू त्यात काही सोय लिहिलेली असेल.

"तो संडासापाशी टांगलास तेव्हा आम्हाला कळलंच होतं," इंगालिल म्हणाली. मग थोडं थांबून, बशीकडे बघत म्हणाली, "आणि वाडगा मी त्या खिडकीत ठेवला, तेव्हा तिथे वारा येतो हे मला माहीत होतं."

मायवोर तिच्याकडे बघतच राहिली.

"बघू नकोस अशी. बादली मी तुझ्या आधी टांगणार होते. मी आठवडाभर रंग शोधत होते. तू टांगलीस, आणि जन्मभर लोक म्हणतात मायवोरची बादली."

"विषय निघालाच आहे तर," रूने घसा साफ करत म्हणाला, "खोलीचं कुलूप, बिजागऱ्या, खिडकीचे गज मी केले. मला वाटलं होतं कोणीतरी माझं नाव घेईल. नको म्हणायची तयारी करून आलो होतो."

मोठी बहीण म्हणाली, तिलाही हवी होती. धाकटी म्हणाली, मोठीला मिळू नये म्हणून तिलाही हवी होती. केकभोवती बसलेल्यांपैकी एकेकाने सांगितलं, कोणाला कोणाची काय काय कुरकुर होती. कोणाला कोणाची कामाची मोठी शेड सलत होती, कोणाला कोणाचं पेपरात आलेलं नाव. इतक्या प्रेमाने चाललेल्या समूहाच्या पोटात इतकं साठलेलं होतं की मीठघराला पूर्वी कधी इतका खारट वास आला नसेल.

"निर्णय झालेला आहे," रूनेने शेवटी सांगितलं. "हातोडी पडली की पडली. हा उन्हाळा एवाल्डचा. पुढच्या वर्षी आधी खरं बोलायचं, मग सभा."

मायवोरने मान हलवली. तोंड कडू झालं होतं, पण पोट हलकं वाटत होतं.

एवढ्या वेळात एवाल्ड मात्र एक अक्षर बोलला नव्हता. रूनेने त्याला विचारलं, "तुला कोणाचं काही नाही ना? तुझं बरंय. सगळं तुलाच मिळालं."

एवाल्डने जिभेने दात चाचपले. "आहे ना," तो म्हणाला. "हिचंच आहे."

"माझं?" मायवोर म्हणाली.

"माझ्याकडे लोक येतात, हसतात, फळी उचलतात आणि जातात. पाच मिनिटं. चाळीस वर्षं पेशंट तसेच जायचे, तोंड धरून. तुझ्या वाडग्यापुढे माणूस गप्प उभा राहतो. मी बघितलंय, खिडकीतल्या वाडग्यापुढे एक बाई त्या वाऱ्यात उभी होती, नाक लाल झालं तरी हलत नव्हती. माझ्या माशापुढे आजवर कोणी गप्प झालेलं नाही. मला ते जमणार नाही, हे मला माहीत आहे. रात्री मला त्याचा राग येतो."

मायवोरने खुर्ची ओढून नीट सावरून घेतली, आणि हात मांडीवर ठेवले.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "सावकाश. आणि जरा मोठ्याने, त्या टोकाला बसलेल्यांना ऐकू गेलं नाही."